मुलांच्या गाण्यात भावना कशी उतरावी?

मुलांना गाणे शिकविण्याची हौस आपल्या घरोघरी आता चांगलीच रुजली आहे. गणेशोत्सवात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात घरचे मूल उभे राहून एखादे पद तालासुरात म्हणू लागले, म्हणजे आजी-आजोबांपासून काका-काकूंपर्यंत सर्वांनाच धन्यता वाटते. ही हौस उत्तमच आहे. तिच्याविषयी आमची काहीएक तक्रार नाही. परंतु दुसऱ्याने रचलेले गाणे म्हणणे ही एक गोष्ट आणि आपल्या मनातील गोष्ट गाण्यात सांगता येणे ही अगदी निराळी गोष्ट. पहिलीसाठी आपण शिकवणी लावतो, पेटी विकत घेतो. दुसरीचा मात्र विचारही आपल्या मनात येत नाही. आला तरी, ‘ते काय, प्रतिभेचे काम आहे, शिकवून थोडेच येते?’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपुरते आणि संस्कृताचे अध्ययन वडिलांच्या पायाशी बसून झालेले. ह्या शिदोरीवर आम्ही तापीकाठच्या शाळांतून मराठी व संस्कृत शिकविण्यात आयुष्य घालविले. ‘तुझ्या मनातील एखाद्या गोष्टीवर चार ओळींचे गाणे रचून आण’ असे आम्ही मुलांना दरवर्षी सांगत असू, आणि दरवर्षी बहुतेक वह्यांतून एकच मजकूर वाचीत असू. आनंदाचे गाणे असेल तर ‘आज मला फार आनंद झाला’ आणि दुःखाचे असेल तर ‘माझे मन फार दुःखी झाले’. ही मुले काही भावनाशून्य नव्हती. मधल्या सुटीत हीच मुले भांडत, रुसत, गळ्यात गळे घालीत आणि घरची एखादी हकीकत सांगताना ओठ दाबून रडू आवरीत. भावना मनात भरपूर, पण वहीत तिचे केवळ नाव! असे का व्हावे, आणि ह्यावर घरच्या वडीलधाऱ्यांस काही उपाय करता येईल काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शास्त्र काय सांगते?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वीच देऊन ठेविले आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितले की, विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव ह्यांच्या संयोगाने रस निष्पन्न होतो. शब्द जड आहेत, पण अर्थ घरगुती आहे. ज्या वस्तूमुळे, व्यक्तीमुळे किंवा प्रसंगामुळे भावना जागी होते तो विभाव. ती जागी झाल्यावर देहावर आणि वागण्यात जी खूण उमटते तो अनुभाव. आणि मुख्य भावनेच्या मागेपुढे जे लहानसहान मनोविकार येतात-जातात ते व्यभिचारी भाव. माहेरी आलेल्या मुलीच्या परतीचा दिवस उगवला, अंगणात गाडी उभी राहिली, हा विभाव. आई बोलत काहीच नाही, परंतु डब्यात लाडू भरताना पुनःपुन्हा तेच लाडू मोजते, हा अनुभाव. आता ‘आईला वाईट वाटले’ असे निराळे सांगावयास हवे काय?

मम्मटाचार्यांनी तर काव्यप्रकाशात काव्यातील रसदोष सांगताना आरंभीच असे म्हटले आहे की, रसाचा किंवा भावाचा त्याच्या स्वतःच्या नावाने उच्चार करणे हा दोष होय. शोकाला ‘शोक’ म्हटल्याने शोक उत्पन्न होत नाही. ‘साखर, साखर’ असे शंभर वेळा म्हटले तरी जीभ गोड होत नाही, त्यातलाच हा प्रकार. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून जो दोष वर्षानुवर्षे दिसत असे, त्याचे नाव एवढ्या थोर आचार्यांनी घालून ठेविलेले पाहून आम्हांस मोठे नवल वाटे.

आदिकवींचे उदाहरण ह्याहूनही बोलके आहे. क्रौंच पक्ष्यांच्या जोडप्यातील एकास व्याधाने मारले, ते पाहून वाल्मीकींच्या मनात जो शोक दाटला त्याचाच श्लोक झाला, ही कथा आपल्या घरांतून मुलांना सांगितली जाते. परंतु त्या श्लोकात ‘शोक’ हा शब्द कोठेच नाही, ही गोष्ट क्वचितच कोणी दाखवून देतो. त्यात व्याध आहे, पक्ष्यांचे जोडपे आहे, त्यांतील एकाचा वध आहे आणि व्याधाला दिलेला शाप आहे. शोक आहे तो वाचणाऱ्याच्या मनात. मुलांना गाणे रचावयास शिकविण्याचे सारे रहस्य आम्हांस एवढ्या एका गोष्टीत साठविलेले दिसते. भावनेचे नाव घेऊ नये. तिची खूण सांगावी.

आपल्या मातीतील दाखले

हे केवळ पंडितांचे शास्त्र आहे असे कोणी समजू नये. ज्यांनी भरताचे वा मम्मटाचे नावही ऐकले नव्हते, त्या आपल्या आयाबायांनी जात्याच्या खुंट्याला हात घालून हेच शास्त्र आचरणात आणिले. हेमा राईरकर व गी प्वातवँ ह्या उभयतांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्यात एक लाखांहून अधिक ओव्या आहेत. सानेगुरुजींनीही अशा ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ ह्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. कोणताही संग्रह उघडून पाहावा. भाऊ, माहेरची वाट, तुळस, गाडीचे बैल, पाण्याचा हंडा ह्या वस्तूंनी तो भरलेला आढळेल. ज्या बाईने ती ओवी रचली तिला आपले दुःख कोणापुढे उघड बोलण्याची सोय नव्हती. म्हणून तिने ते वाटेच्या, गाडीच्या, हंड्याच्या हाती दिले.

आमच्या खानदेशात तर गाण्याचे दिवसच नेमून दिलेले आहेत. आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. श्रावणात कानबाईची गाणी होतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई बसवितात आणि सायंकाळी घरोघर गाणी म्हणून खिरापत ओळखावयास लावतात. ज्या मुलीने लहानपणी ही गाणी कानांत साठविली, तिला आठ अक्षरांचा चरण कोणी शिकवावा लागत नाही.

जळगावनजीकच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी ह्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. वैधव्य तरुणपणीच आले. शेत, घर आणि मुले ह्यांचा भार त्यांच्यावर पडला. काम करता करता त्या गाणी रचीत आणि त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव ह्यांच्यामुळे ती लिहून ठेविली गेली. बहिणाबाई १९५१ साली निवर्तल्या. पुढल्याच वर्षी आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले आणि महाराष्ट्र चकित झाला. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. त्यांच्या गाण्यांतील साहित्य पाहावे तर घरोटे, चूल, विहिरीची मोट आणि सुगरणीचा खोपा हेच. आणि भाषा? तीही घरची, शेतातली, त्यांच्या लेवा मंडळींच्या तोंडची. ती शुद्ध करून छापली असती तर त्या गाण्यांचे काय उरले असते, ह्याचा सुज्ञ वाचकांनीच विचार करावा.

दुसरा दाखला बालकवी ठोमरे ह्यांचा. धरणगावी १८९० साली जन्मलेला हा मुलगा १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हणावयास उभा राहिला आणि तेव्हापासून ‘बालकवी’ ह्याच नावाने प्रसिद्ध झाला. पुढे रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई ह्यांच्या घरी त्यास आसरा व उत्तेजन मिळाले. प्रतिभा ईश्वरदत्त असेल, परंतु तिला घर लागते, ऐकणारा कान लागतो, ही गोष्ट ह्या दोन्ही दाखल्यांवरून स्पष्ट होते. आईची गाणी उतरून घेणारा मुलगा नसता, मुलाची कविता ऐकणारे घर नसते, तर आज आपण कोणाचे नाव घेतले असते?

घोडीचे गाणे

आता एक पाहिलेली हकीकत सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात तापीकाठी सारंगखेडे हे गाव आहे. तेथे एकमुखी दत्ताचे मंदिर असून मार्गशीर्षात दत्तजयंतीस मोठी यात्रा भरते. ह्या यात्रेतील घोड्यांचा बाजार सर्वत्र प्रसिद्ध आहे. मारवाड, काठेवाड अशा दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात. पाहणारे दात मोजून वय ठरवितात, अंगावरचे भोवरे तपासतात, पंचकल्याणी घोड्याभोवती गर्दी करतात. बाजार पाहून लोक आनंदाने घरी जातात. परंतु ज्या घरचे जनावर विकले जाते, त्या घरी त्या रात्री काय होते ह्याची वार्ता बाजारास नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने थोरल्या मुलीच्या लग्नासाठी आपली पांढरी घोडी ह्या यात्रेत विकली. व्यवहार योग्यच होता. त्यास कोणी नाव ठेवू शकले नसते. परंतु त्याचा दहा वर्षांचा मुलगा, जो सायंकाळी आमच्या ओटीवर अभ्यासास येत असे, तो त्या दिवसापासून मुका झाला. जेवणावरून उठून जाई. ‘घोडीसाठी का कोणी रडते? मुलीची जात आहेस काय?’ असे घरची वडील मंडळी त्यास म्हणत. त्यांतही मायाच होती, परंतु तिच्या योगाने मुलाचे तोंड अधिकच मिटले.

त्याच सुमारास शाळेच्या संमेलनासाठी मुलांनी स्वतः रचलेली गाणी मागविली होती. मुलाने एक कागद आणून आमच्यापुढे ठेविला. त्यात घोडी छान असल्याचे, तिची चाल डौलदार असल्याचे आणि तिच्यावाचून मन उदास झाल्याचे लिहिले होते. यमके बरोबर होती, भाषा पुस्तकी होती, आणि घोडी मात्र कोठेच नव्हती.

आम्ही त्यास दोष दिला नाही. कागद बाजूस ठेविला आणि विचारले, “बाळ, घोडी जेथे बांधीत होता, तेथे आता काय आहे?”

“काही नाही, गुरुजी.”

“काहीच नाही असे कसे होईल? उद्या सकाळी नीट पाहून ये आणि मला सांग.”

दुसरे दिवशी तो आला तो सांगतच आला. तोबरा खुंटीस तसाच टांगलेला आहे. खराऱ्याच्या दात्यांत तिचा एक केस अडकला आहे. परवा रात्री मायने सवयीने चंदीसाठी हरभरा भिजत घातला आणि मग कोणाशी बोलली नाही. घोडी नेताना ती वेशीपाशी थांबून मागे पाहत होती. आणि मोरीच्या पाण्याने दारापुढे जो चिखल झाला होता, त्यात तिच्या नालेचा एक ठसा वाळून राहिला आहे. त्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून आपण त्यावर टोपले पालथे घातले आहे. हे शेवटचे त्याने अगदी हलक्या आवाजात सांगितले, कारण टोपल्याची गोष्ट घरी कोणास ठाऊक नव्हती.

आम्ही म्हटले, “हेच लिही. ह्याहून निराळे काही लिहावयाचे नाही.” मग टाळी वाजवून आठ-आठ अक्षरे मोजावयास शिकविले. एखादा चरण नऊ अक्षरांचा होई, एखादा सातांचा. तो बोटांवर मोजी, शब्द बदली, पुन्हा मोजी. तीन संध्याकाळी गेल्या आणि गाणे झाले ते असे :

रिता टांगला तोबरा
ठाणावर नाही कोणी
माय भिजविते चंदी
आणि थबके अंगणी

खराऱ्यात अडकला
एक पांढरासा केस
मागे वळून बघत
तिने ओलांडली वेस

तिचा नाल चिखलात
दारापुढे उमटला
पावसा तू येऊ नको
तेवढीच खूण मला

ह्यात ‘दुःख’ नाही, ‘उदास’ नाही, ‘आठवण’ हा शब्ददेखील नाही. साहित्य सर्वस्वी मुलाचे. आम्ही विचारले आणि अक्षरे मोजली, एवढेच. शाळेतील एका हितचिंतकांनी ‘माय’ हा शब्द ग्राम्य म्हणून त्याजागी ‘माता’ घालावे असे सुचविले होते. अक्षरे दोनच, छंदास बाध नाही. परंतु चंदी भिजविणारी आणि अंगणात थबकणारी ती बाई ‘माता’ नव्हे, ‘माय’च होय. मुलाने तो बदल केला नाही, आणि आम्ही त्यास पाठिंबा दिला.

गाणे त्याने प्रथम घरी म्हटले. बाप ऐकत होता; शेवटच्या चरणास तो उठून बाहेर गेला. रात्री परत आल्यावर मुलाजवळ बसून म्हणाला, “मलाही ठाणाकडे पाहवत नाही रे.” घोडी परत आली नाही, येणार नव्हती. लग्न ठरल्याप्रमाणे झाले. परंतु एकाच घरात एकाच गोष्टीसाठी तिघेजण तीन कोपऱ्यांत मुकाट्याने झुरत होते, ते त्या रात्री एका ठिकाणी आले. मुलगा दुसऱ्या दिवशी नीट जेवला, असे त्याच्या आईने आम्हांस सांगितले. गाण्यापासून ह्याहून मोठे फळ आम्ही कधी मागितले नाही.

घरी काय करावे?

ह्या अनुभवावरून आणि अशाच दुसऱ्या पुष्कळ मुलांच्या अनुभवावरून आम्हांस ज्या गोष्टी उपयुक्त वाटल्या, त्या थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, मुलास ‘तुला काय वाटते?’ असे विचारू नये. ह्या प्रश्नाला मोठ्या माणसांसही उत्तर देता येत नाही. त्याऐवजी ‘काय पाहिलेस? काय ऐकलेस? कशाचा वास आला? हाती काय राहिले? तेव्हा घरातले कोण काय करीत होते?’ असे विचारावे. उत्तरे तोंडी घ्यावीत, आणि मूल बोलत असता मध्येच सुधारू नये.

दुसरी गोष्ट, एका गाण्यात एकच प्रसंग घ्यावा. ‘माझी आई’ ह्या विषयावर मूल निबंध लिहील. ‘आई रात्री उठून अंगावर पांघरूण घालते तेव्हा’ ह्यावर ते गाणे रचील.

तिसरी गोष्ट छंदाची. छंद मागाहून शिकविण्याऐवजी कानाने आधी द्यावा. आजींकडून ओव्या, घरातील भजने, गुलाबाईची वा भोंडल्याची गाणी मुलांच्या कानांवर पडू द्यावीत. नंतर टाळीवर अक्षरे मोजावयास शिकवावे. आठ-आठ अक्षरांचा लहान अभंग सर्वांत सोपा. तो साधला म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा मोठा अभंग द्यावा, ज्यात दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळवावयाचे असते. मुलांना हा हिशेब गणितातील कोड्यासारखा आवडतो. विशेष म्हणजे मन जेव्हा अक्षरे मोजण्यात गुंतते, तेव्हा जी गोष्ट सांगताना एरवी कंठ दाटून येतो तीही सांगता येते.

चौथी गोष्ट, यमकाचा शोध शेवटी. ‘छान’ला ‘पान’ आणि ‘पान’ला ‘रान’ जुळवीत बसणारे मूल ज्या रानात कधी गेले नाही, त्या रानाचे गाणे करते. यमक सापडत नसेल तर त्यावाचून चालवावे. खोटी गोष्ट मात्र चालवू नये.

पाचवी गोष्ट भाषेची. आमच्या सुशिक्षित घरांतून शुद्ध भाषेचा आग्रह असतो, आणि तो योग्यही आहे. निबंधात, पत्रात तो ठेवावा. परंतु गाणे ज्या बोलीत मूल रडते-हसते त्या बोलीत येऊ द्यावे. मोलकरणीपाशी, शेजारच्या मुलांपाशी ते अहिराणी ऐकत असेल आणि तिच्यातील एखादा शब्द गाण्यात आला, तर तो खोडू नये.

सहावी गोष्ट सर्वांत अवघड, आणि ती मुलांनी नव्हे, आपण वडीलधाऱ्यांनी शिकावयाची आहे. मूल खरे गाणे रचू लागले, म्हणजे कधी ना कधी ते घरातील अप्रिय गोष्ट बोलणार. आमच्या परिचयाच्या एका भरल्या घरात आठ वर्षांच्या मुलीने असे लिहिले की, काकूला बाळ झाल्यापासून आजीच्या हातची वेणी मिळत नाही. फणी घेऊन दाराशी उभे राहावे आणि आजीने ‘थांब’ म्हणावे. चार ओळींचे निरागस गाणे! परंतु ते वाचून आजींस राग आला, काकूंस संकोच वाटला, आणि ‘घरच्या गोष्टी कागदावर लिहू नयेत’ असा दंडक घालून वही फडताळात ठेविण्यात आली. त्यानंतर त्या मुलीने फुलपाखरांवर आणि चांदोबावर पुष्कळ गाणी लिहिली, सर्वांनी वाखाणली, आणि तिच्या मनातील एकही गोष्ट त्यांत नव्हती.

ह्या ठिकाणी आम्हांस पुन्हा भरतमुनींचे स्मरण होते. त्यांनी जे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले त्यांत असूया आहे, शंका आहे, दैन्य आहे. मुनींनी ज्या विकारांना नाट्यात सन्मानाने जागा दिली, त्यांना आपल्या घरातील आठ वर्षांच्या मुलीच्या वहीत जागा नसावी काय? एकत्र कुटुंबात मनुष्यबळ पुष्कळ असते, माया पुष्कळ असते. परंतु एवढ्या माणसांत एखादे मूल ऐकले जात नाही असेही होते. त्याचे गाणे हे गाऱ्हाणे नव्हे, ती आपणांस आलेली वेळेवरची सूचना होय. त्या आजींनी रागावण्याऐवजी फणी हाती घेतली असती, तर एका वेणीत सर्व काम झाले असते.

म्हणून असा नियम करावा की, गाण्याची वही मुलाची. त्याने दाखविली तर वाचावी. न दाखविली तर मागू नये. वाचल्यावर अक्षरे चुकली असतील तर ती दाखवावीत. भावना चुकली असे कधीही म्हणू नये. पाहुण्यांपुढे ते गाणे म्हणावयास लावू नये. मूल स्वतः होऊन म्हणेल तर सर्वांनी हातचे काम ठेवून ऐकावे.

दोन शंका

कोणी विचारतील की, असे केल्याने मुले कवी होतील काय? आमचे उत्तर, बहुधा होणार नाहीत. मम्मटाचार्यांनी काव्याचे कारण म्हणून शक्ती, निपुणता आणि अभ्यास ह्या तिन्ही गोष्टी मिळून सांगितल्या आहेत. त्यांपैकी शक्ती देणे आपल्या हाती नाही. निपुणता आणि अभ्यास ह्यांची सोय मात्र घरी करता येते. आपण मुलांना पोहावयास शिकवितो ते समुद्र ओलांडण्यासाठी नव्हे, पाण्यात पडल्यास बुडू नयेत म्हणून. हेही तसेच आहे. पुढील आयुष्यात प्रत्येकावर दुःखाचे प्रसंग येणारच. त्या वेळी मनातील गोष्ट शब्दांत ठेवण्याची ज्यास लहानपणापासून सवय आहे, तो निदान मुका होऊन बुडणार नाही.

दुसरी शंका हल्लीच्या काळातील आहे. विषय सांगितला की क्षणार्धात गाणे तयार करून देणारी यंत्रे आता मोबाईलवरही आली आहेत. मग मुलाने तीन संध्याकाळी बोटांवर अक्षरे मोजण्याचे प्रयोजन काय? यंत्र घोडीवर गाणे करील, आणि ते सफाईदारही असेल. परंतु कोणत्या दारापुढील कोणत्या ठशावर टोपले झाकले आहे, हे त्या मुलावाचून कोणास ठाऊक असणार? आणि समजा, यंत्राने तेही लिहिले, तरी ते शोधताना, मोजताना आणि शेवटी बापापुढे म्हणताना मुलाच्या मनाचे जे काम झाले ते यंत्राने कसे व्हावे? औषध दुसऱ्याने घेऊन आपला ताप उतरत नाही.

येत्या आखाजीस किंवा गुलाबाईच्या दिवसांत आपल्या घरी लेकीबाळी जमतील, झोके बांधले जातील, जुनी गाणी म्हटली जातील. त्या वेळी घरातील एखाद्या मुलास जवळ बोलावून एक कोरी वही द्यावी आणि म्हणावे, ‘बाळ, आज दिवसभरात तू जे पाहिलेस आणि दुसऱ्या कोणीच पाहिले नाही, ते हीत लिही.’ मग घाई करू नये. ज्या दिवशी त्या वहीतील चार ओळी वाचून आपले डोळे पाणावतील, आणि त्या ओळींत भावनेचे नाव कोठेच नाही हे मागाहून ध्यानात येईल, त्या दिवशी आपले शिकविणे पूर्ण झाले असे समजावे. वाचकांपैकी दोन-चार घरी जरी असे घडले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्हांस वाटेल.